शिवडीच्या फोटोतलं ठिगळ

माझी लेक खाडीचे फोटो काढते. शिवडीच्या धक्क्यावर कॅमेरा तिकाटण्यावर बसवून एकाच जागेचे तीन फोटो घेते. एक अंधारा, एक मधला, एक भगभगीत. अंधाऱ्यात आभाळ नीट येतं, भगभगीतात चिखल. मग घरी संगणकावर तिन्ही एकावर एक बसवून त्यांचा एक करते. तो कुठल्या तरी ऑफिसच्या भिंतीवर लागतो.

डाग काढायचं काम तिने मला शिकवलं. "आई, तांदूळ निवडतेस तसंच आहे हे," म्हणाली. मी चौथी शिकलेली, पडद्यावरचं इंग्रजी मला येत नाही. पण जखमेवरच्या चिकटपट्टीचं चित्र मला ओळखू येतं. ते दाबायचं आणि डागावर फिरवायचं. शेजारचा चिखल त्या जागी येऊन बसतो. करी रोडच्या आमच्या खोलीत दुपारी भांडी झाली की मी हे करत बसायचे. मला आवडायचं. कुणाशी बोलावं लागत नाही.

माझी थोरली बहीण शिवडीलाच राहायची. ओहोटी लागली की चिखलात उतरून निवट्या, ती चिखलातली बारीक मासळी, धरायची आणि लालबागला गोणपाटावर बसून विकायची. लहानपणी मीही टोपली घेऊन तिच्या मागे गुडघाभर चिखलात जायचे. लग्न होऊन करी रोडला आल्यावर ते कुणाला सांगितलं नाही. सासरी कुणी विचारलंही नाही.

त्या दिवशी लेकीची ऑफिसातली मैत्रीण आली होती. पडद्यावर मोठा फोटो होता. गुलाबी पक्षी, चमकणारं पाणी आणि जांभळा चिखल.

"आई, चिखल असाच असतो ना गं?"

"जरा कमी जांभळा कर," मी म्हटलं. एवढं बोलले.

मैत्रीण पडद्याजवळ वाकली. "ए, हे काय? तीन डोकी, चार हात! तुझ्या खाडीत राक्षस आहे."

"भूत म्हणतात त्याला," लेक म्हणाली. "तीन फोटोंच्या मधे माणूस हललं की असं होतं. कुणीतरी बाई दिसतेय."

"चिखलात काय शोधतेय? कानातलं पडलं असेल."

दोघी हसल्या. मीही हसले.

मी ओळखलं होतं. नऊवारीचा काष्टा आणि कमरेवर टेकलेला डावा हात. वाकलेली ताई, अर्धी उठलेली ताई आणि सरळ उभी राहून एक हात वर केलेली ताई, तिघी एकमेकींत मिसळलेल्या. 'ती तुझी मावशी आहे' एवढंच म्हणायचं होतं. मैत्रिणीने दारात काढलेल्या पांढऱ्या बुटांकडे बघत राहिले.

"आई, काढून टाकशील? तुझा हात सफाईदार आहे."

मी काढलं. आधी डोकी, मग पाठ. वर केलेला हात शेवटी. दहा मिनिटंही लागली नसतील.

पुढच्या आठवड्यात लालबागला गेले तेव्हा ताई गोणपाटावर होती.

"काय गं, तुझी लेक धक्क्यावर उभी होती. मी केवढा हात केला! बघितलंन नाही."

"तिचं लक्ष नसेल."

"फोटोत आले का मी?"

"नाही गं. लांब होतीस तू."

"जाऊ दे. तसंही चिखलाने भरले होते," ताई म्हणाली आणि तिने माझ्या पिशवीत मूठभर निवट्या टाकल्या.

दिवाळीच्या आधी तापाचं निमित्त होऊन ताई गेली. दहाव्याला भिंतीवर लावायला फोटो सापडेना. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. त्यात ती ताई वाटतच नाही, कुणीतरी दटावून बसवलेली बाई वाटते. लेक रडत होती. "शंभरदा गेले असेन शिवडीला. मावशीचा एक फोटो काढला नाही मी."

नंतर मी तिला आडून विचारलं, "ते एक करायच्या आधीचे तीन फोटो असतात का गं?"

"कुठले? फायनल झाला की उडवते मी. जागा कुठे आहे? का गं?"

"काही नाही. सहज."

त्या तिन्हींत ताई वेगवेगळी आणि पुरती होती. एकात तर सरळ उभी राहून माझ्या लेकीकडे बघत होती.

त्या फोटोची एक प्रत आमच्या दाराजवळ लावली आहे. आलेला प्रत्येकजण थांबून बघतो. डावीकडे, पक्ष्यांच्या मागे, पाण्याचं एक वाकडं डबकं आहे. त्याच्याच शेजारी अगदी तसंच दुसरं आहे, तोच वाक, तीच चमक. खाडीत अशी दोन डबकी नसतात. ते दुसरं मी लावलेलं ठिगळ. लेकीच्या अजून लक्षात आलेलं नाही. रोज केर काढताना मी तेवढी जागा पदराने पुसते आणि आज सांगू म्हणते. मग ती ऑफिसला निघते, आणि मी तिला डबा देते.