काशीरामच्या फियाटचा चिंचोका

आमच्या मिठवलीत मीठ पिकायचं तेव्हा ऊन जमिनीवर सांडल्यासारखं दिसायचं. त्या उन्हात काशीराम वाढला. बांधावर उभा राहून तो आगरातलं पाणी बोटाने जिभेला लावायचा आणि सांगायचा, "चार दीस." चौथ्या दिवशी मीठ धरायचंच. त्याच्या तळपायाच्या भेगांत मीठ असं मुरलं होतं, की तो कुणाच्या ओटीवरून चालत गेला तर पांढरी पावलं मागे राहायची. लोक म्हणायचे, काशा येऊन गेला वाटतं.

मग पनवेलच्या आसपास नवं शहर उभं राहू लागलं आणि आगरं त्यात गेली. लोकांनी जमिनीच्या भरपाईचा पैसा आपापल्या परीने वापरला. कुणी माडी चढवली, कुणी दुकान घातलं. काशीरामने पनवेलच्या एका निवृत्त मास्तरांकडून दुधी रंगाची जुनी फियाट घेतली. गाडी शिकला तो सुकलेल्या मिठागरावर. आजूबाजूला आदळायला काही नव्हतं, त्यामुळे शिकणं निवांत झालं. वळायला मात्र त्याला अर्धं आगर लागायचं, आणि पुढे रस्त्यावर आल्यावरही ती सवय बरीच वर्षं गेली नाही.

आमच्या गावची एक रीत आहे. होडीचं वल्हं आणि लग्नाचा मोठा टोप ज्याच्या मालकीचा, त्याने तो घराबाहेर ठेवायचा. ज्याला लागेल त्याने न्यायचा, धुऊन परत आणायचा. विचारायचं नाही, कारण विचारलं तर मालकाला कमीपणा. काशीरामने गाडी घेतली त्याच दिवशी ओटीच्या खांबाला एक खिळा ठोकला आणि चावी त्यावर अडकवली. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं.

शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत पनवेलच्या भाजीबाजारातून एक पांढरी गाडी भर दुपारी चोरीला गेली. मालक समोर मेथी निवडत उभा होता म्हणे. ही बातमी एसटीने मिठवलीत आणली आणि काशीरामची बायको चंद्रावती हातातलं सूप ठेवून उठली.

कारण घरात वेणू होती. त्यांची एकुलती एक मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ आडवं आहे, कळा सुरू झाल्या की घरी थांबू नका, सरळ पनवेल गाठा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. गावाहून पनवेल-उरण रस्त्याला लागायचं तर कच्चा बांध, आणि एसटी दिवसातून दोनदा.

"अवो वेणूचे बापूस," चंद्रावती म्हणाली, "माजी पोर मोकली होयसतवर गाडी दाराशी उभी पायजे, नी एका चावीत चालू झाली पायजे. चोराने नेली तर मी तुमच्या पाठीवर बसवून नेन तिला पनवेलला."

"चोर आपल्या गावात कनाला येईल?"

"तुमी गाडी घेऊन बाजारात जाता ना? तिथं येईल."

दुसऱ्या दिवशी वेणूला शेजारणीच्या हवाली करून दोघं पनवेलला गेली. एसटी स्टँडजवळ कमलाकरचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. कमलाकर तरतरीत माणूस, कानावर पेन्सिल. त्याने काउंटरवर एकेक वस्तू मांडली, जशी साडीवाला घडी उलगडतो तशी.

"हा बघा काका, स्टिअरिंग लॉक. दांडा अडकवायचा, कुलूप लावायचं. एकदम सिंपल."

चंद्रावतीने दांडा उचलून तोलला. "याने चोराला मारता येईल," ती म्हणाली. "पन याची चावी हरवली तर?"

"मग हा अलार्म घ्या. रिमोटवाला. गाडीला कुणी हात लावला की भोंगा वाजणार. अख्खं पनवेल गोळा होईल."

"तिसरा काय?"

"तिसरा म्हणजे चोरस्विच. लपवलेलं बटण. ते दाबल्याशिवाय सेल्फ नुसता फिरत राहतो, इंजिन पेट घेत नाही. आणि फॉरेनला तर आता असं निघालंय, गाडी कुठे आहे ते आकाशातून कळतं."

"ते आमाला नको," चंद्रावती म्हणाली. "कोनाची गाडी कुठे उभी हाय ते सांगायला आमच्याकडे ठमाबाई हाय."

काशीरामचे डोळे मात्र भोंग्यावर खिळले होते. मोठा आवाज त्याला लहानपणापासून आवडायचा. कमलाकरने एकदा वाजवून दाखवला तेव्हा रस्त्यावरचे तीन रिक्षावाले वळून बघायला लागले, आणि काशीरामची छाती फुगली. "आठ दिवस वापरा," कमलाकर म्हणाला. "नाही पटलं तर बदलून देतो."

त्या आठ दिवसांत मिठवलीने जे ऐकलं ते कुणी विसरलेलं नाही. माडाची झावळी पडली, भोंगा वाजला. ठमाबाईची कोंबडी टपावर बसली, भोंगा वाजला. बकरीने चाकाला पाठ घासली, वाजला. पहिल्या दिवशी सगळं गाव धावत आलं. दुसऱ्या दिवशी निम्मं. चौथ्या दिवशी भोंगा केकाटत असताना शेजारचा काळूराम गाडीला टेकून दात घासत होता.

पाचव्या दिवशी गावात हळद होती. आमच्या आगरी लग्नात धवला गाणारी बाई लागते, तिला धवलारीण म्हणतात. ती गाते तेव्हा देव मांडवात येऊन बसतात, अशी आमची समजूत. आमची धवलारीण ठमाबाई. सत्तरीची, काटक, आवाज खाडीवरून पलीकडे जाईल असा. तिने डोळे मिटून पहिला सूर लावला आणि बाहेर फियाटनेही लावला.

ठमाबाईने डोळे उघडले. "काशा, तुज्या गाडीला आवाज हाय, पन ताल नाय. एक तर तिला गप कर, नाय तर माज्या बाजूला आनून बसव, मी शिकवतंय तिला."

मांडव हसून लोळला. काशीराम घरी आला तो विचारात पडून. चंद्रावतीने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "ज्या आवाजाला कोनी मान वलवून बगत नाय, तो राखन कसली करनार?" बायको बरोबर बोलते हे त्याला नेहमीच पटायचं, फक्त वेळ लागायचा. त्या दिवशी लगेच पटलं.

कमलाकरने भोंगा काढला आणि चोरस्विच बसवला. डॅशबोर्डच्या खाली, चालवणाऱ्याच्या डाव्या गुडघ्यापाशी, आत दडलेलं काळं बटण, चिंचोक्याएवढं. बसवताना त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं.

"काका, हे फक्त तुम्हाला आणि मला माहीत. घरीसुद्धा सांगायचं नाही. लोकांना कळलं की बटणाचा उपयोग संपला."

काशीरामने आयुष्यात गुपित कधी बाळगलं नव्हतं. आगरात काय लपवणार? मीठ उघड्यावर पिकतं. त्या दिवशी तो घरी आला तो चालच बदलून, पोटाशी अंडं धरून चालावं तसा. चंद्रावतीने विचारलं, "बसवला?" तो म्हणाला, "बसवला." "कुठं?" तर तो म्हशीला पाणी दाखवायला निघून गेला. चावी मात्र रितीप्रमाणे खिळ्यावरच राहिली. नुसत्या चावीने गाडी हलत नाही, हे त्याने गावात कुणाला सांगितलंच नाही.

तीन दिवसांनी ठमाबाईला आणि गावातल्या चार बायकांना आपट्याला एका हळदीला न्यायचं होतं. चंद्रावती वेणूजवळ राहिली. तिच्या अटीतून गाडी अर्ध्या दिवसापुरती सुटली. ठमाबाई पुढच्या सीटवर बसली आणि काशीरामचा हात डॅशबोर्डखाली गेलेला तिने बघितला.

"गाडीला गुदगुल्या करतोस काय रं?"

"काय नाय, काकी."

"मना नाय सांगत? तुज्या लग्नात धवला कोनी गायला?"

आपट्याला पोचेपर्यंत त्याने सगळं सांगून टाकलं. पाताळगंगेच्या पुलावर तिच्याकडून शपथही घेतली. तिने घेतली, आणि मनापासून घेतली.

पण धवल्याचा स्वतःचा नियम असतो. हळदीला जे जे राबलं, त्याचं त्याचं नाव गाण्यात यावं लागतं. उखळ, मुसळ, सूप, जातं, पाणी आणणारा हंडा, वऱ्हाड आणणारी गाडी. एखाद्या वस्तूचं नाव राहिलं तर तिचा अपमान होतो. आणि नुसतं नाव घेऊन भागत नाही, तिच्या अंगचा गुणही सांगावा लागतो. ठमाबाई डोळे मिटून गात होती. उखळ झालं, सूप झालं, आणि फियाटची पाळी आली.

*दुधाचे रंगाची फियाट गो आली,*
*काला चिंचोका डाव्या गुडघ्याखाली,*
*चावी फिरवाल तरी उठायची नाय,*
*चिंचोका दाबल्याबिगर हलायची नाय.*

पन्नास बायकांनी ओळी उचलल्या आणि दोनदा परत म्हटल्या. काशीराम हातात लाडू घेऊन मांडवाच्या कडेला उभा होता. तो लाडू त्याला खाववला नाही आणि ठेवायला जागाही सापडली नाही.

परतताना तो म्हणाला, "काकी, तुमी शपथ मोडली."

"मी कोनाला काय सांगला? मी तर तुज्या गाडीचा मान केला. तिचा गुन तोच, तर मी दुसरा काय गाऊ?"

गाणं चांगलं होतं, हीच खरी पंचाईत. दोन दिवसांत ते विहिरीवर पोचलं, मग जात्यावर. तिसऱ्या दिवशी चंद्रावती तांदूळ निवडताना ते गुणगुणत होती. तिला वाटत होतं की ही सगळी गाडीची स्तुती आहे, गाण्यात असते तशी; चिंचोका म्हणजे तेच बटण, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. ती गुणगुणली की काशीरामचे कान लाल व्हायचे आणि तो म्हशीकडे जायचा. म्हैसही कंटाळली असेल. सोमवारी पनवेलला जाऊन बटण दुसरीकडे हलवून आणायचं, असं त्याने मनाशी ठरवलं.

त्याआधी रविवार आला. मुंबईहून जावई लाँचने उरणजवळ मोऱ्याला उतरणार होता. त्याला आणायला काशीराम सकाळच्या एसटीने गेला. गाडी दाराशीच उभी राहिली. चंद्रावतीचा हुकूमच तसा होता.

मोऱ्याच्या धक्क्यावर तो लाँचची वाट बघत उभा होता. ताजी कोळंबी टोपल्यांतून उड्या मारत होती. समोर लाँच दिसली, आणि त्याच क्षणी त्याच्या मनात आलं की आज वेणूला काही झालं, तर गाडी दाराशी आहे, चावी खिळ्यावर आहे, आणि चालू करणारा मात्र इथे उभा आहे. चोराला अडवायला म्हणून बसवलेलं बटण आता पोटच्या पोरीलाच अडवील. जावई उतरला, वाकून पाया पडायला लागला, तर काशीरामने त्याला तसाच वाकलेला धरून स्टँडकडे ओढलं.

इकडे मिठवलीत झालं होतं ते नेमकं तेच. दिवस भरायला दोन आठवडे बाकी असताना वेणूला कळा सुरू झाल्या. चंद्रावतीने काळूरामला हाक मारली. तो टेम्पो चालवायचा, त्यामुळे हात तयार. वेणूला मागच्या सीटवर निजवलं, शेजारी चंद्रावती बसली. काळूरामने खिळ्यावरची चावी आणून फिरवली. सेल्फ खरखरला, इंजिन पेटेना. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. बॉनेट उघडलं, वायरी हलवल्या.

"वयनी, या गाडीला काय झालाय? पेट्रोल हाय, बॅटरी हाय, सगला हाय!"

गाडीभोवती बायका जमल्या. चंद्रावतीला चोरस्विच आत्ता आठवला, पण तो कुठे बसवलाय ते नवऱ्याने सांगितलंच नव्हतं. तेवढ्यात एक कळ येऊन ओसरली, आणि वेणू दम घेत म्हणाली, "आये, गाना."

"काय गो बाय? कसला गाना?"

"ठमाआजीचा! चावी फिरवाल तरी उठायची नाय..."

चंद्रावतीने ओळ पकडली, भोवतालच्या बायकांनी पकडली, आणि बारा-चौदा बायका खिडकीतून आत डोकी घालून काळूरामच्या कानाशी गाऊ लागल्या. "काला चिंचोका" आला तसा त्याचा हात डाव्या गुडघ्याखाली गेला. "दाबल्याबिगर" म्हणेपर्यंत बोटाला काहीतरी लागलं. त्याने दाबलं, चावी फिरवली, आणि फियाट अशी उठली की समोरच्या कोंबड्या उडाल्या.

दुपारी काशीराम आणि जावई धावत गावात शिरले. काशीराम दाराशी आला आणि थांबला. अंगण मोकळं. खिळा मोकळा. मातीत चाकांच्या दोन ताज्या रेघा बांधाकडे गेलेल्या. ओटीवर ठमाबाई एकटी बसलेली.

"काकी, गाडी?"

"नेली."

आपली गाडी जागेवर नाही हे बघून नाचणारा मालक पनवेल तालुक्यात तेव्हा एकच असेल. जावयाला काही कळेना. सासऱ्याने ठमाबाईचे दोन्ही हात धरले होते आणि म्हातारी ओरडत होती, "अरं, कंबर मोडशील माजी!"

संध्याकाळ व्हायच्या आत दोघं पनवेलच्या दवाखान्यात पोचले. फाटकाशी दुधी फियाट उभी होती, बांधाच्या मातीने माखलेली. आत मुलगी झाली होती. आई बरी, मुलगी बरी. चंद्रावतीने नवऱ्याला बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली, "गुडघ्याखाली काय? म्हशीकडे जात होता ना?"

काशीरामने दोन्ही कान पकडले. नर्ससुद्धा हसली.

बारशाला कमलाकरला बोलावणं गेलं. तो नवी पँट घालून आला, मांडवात बसला, चहाचा कप तोंडाला लावला. पाळण्याभोवती बायकांनी गाणं धरलं. त्यात फियाटचं कडवं आलं आणि त्याचा कप हवेतच राहिला.

"काका! अहो, हे अख्ख्या गावाला माहीत आहे?"

"आपट्यालाही हाय."

"मग चोरस्विचचा उपयोग काय? चला, उद्या या, मी दुसरीकडे बसवून देतो. फुकट."

"नको रं बाबा," काशीराम म्हणाला. त्याच्या मांडीवर नात होती आणि तिच्या मुठीत त्याचं बोट. "चोराला बटन पायजे असंल, तर त्याला आदी हलदीला येऊन बायकांत बसावा लागंल, ठमाबाईच्या मागं सूर धरावा लागंल. एवढा कष्ट करनारा मानूस असंल, तर नेऊ दे एक फेरी. टाकी भरून आनून ठेवील."

कमलाकर हसला आणि गार झालेला चहा प्यायला. बाहेर कुणाला तरी पनवेलला जायचं होतं. खिळ्यावरची चावी निघाल्याचा आवाज झाला, मग सेल्फ एकदा खरखरला, थांबला, आणि कुणीतरी हळूच गुणगुणलं. गाडी चालू झाली.