मोजू न दिलेलं गाव

पारोळ्याच्या रस्त्यावरच्या फाट्यापासून आमचं गाव तीन किलोमीटर आत. मधल्या नाल्यावरचा फरशीपूल वाहून गेला आणि गावात येणारी बस बंद झाली. त्याच वर्षी आईच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी धुळ्याला न्यावं लागे. मोटारसायकलवर पुढे मी, मधे आई, मागे तिला धरून बसलेला चुलता. फाटा येईस्तोवर तिचा जीव अर्धा व्हायचा. काळ्या मातीत चाक रुतलं की ती उतरून चिखलातून चालायची आणि वर मलाच विचारायची, "दमी गया ना तू?"

रस्ता आणि पूल मंजूर व्हायला ठरावीक लोकसंख्या हवी होती. यादी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण गावात उरलेला पदवीधर मी एकटाच. बाकीचे सुरतेला मजुरीला. तालुक्याच्या साहेबांनी बजावलं होतं, रेशनकार्डावरचं प्रत्येक नाव लिहा, माणूस परगावी असला तरी चालेल. इतकं सोपं काम, ते मी नासवलं.

आमच्याकडे घरातली माणसं कोणी मोजत नाही. मोजली की कमी होतात म्हणे. बाया दारात हसून चहा द्यायच्या आणि आकडा विचारला की म्हणायच्या, "शेतस दोन-चार मानसं, लिखी ले." परगावी गेलेल्याला मोजणं तर फारच अशुभ. खुद्द माझ्या आईनं सुरतेला गेलेल्या माझ्या भावाचं नाव, बायकोपोरांसकट, लिहू दिलं नाही.

"तो परमुलुखमा शे. त्याले मोजू नको."

मी म्हटलं, "माय, हा रस्ता तुझ्याचसाठी हवाय ना?"

"मन्हाकरता त्याले काही व्हवाले नको," ती म्हणाली.

मी त्यांची नावं गाळली, मग प्रत्येक घरी तसंच केलं. रेशनकार्डं मागून नावं उतरवून घ्यायला अक्कल पुष्कळ होती, हिंमत नव्हती. लोक सांगतील ते लिहून मोकळा झालो.

यादी बावीस माणसांनी कमी भरली. एकट्या आमच्या गल्लीतलेच तेवढे सुरतेला होते. दुसरी यादी घेऊन धावलो, तर मुदत संपलेली. रस्ता शेजारच्या गावाला गेला. गावानं साहेबाला शिव्या घातल्या, आणि लाज सोडून मीही घातल्या.

शेवटी आईसाठी धुळ्यात खोली घेतली. आमच्यामागोमाग शाळेत जाणाऱ्या मुलींची दोन घरं उठली, मग एकेक करत जवळजवळ सगळीच उठली. रस्ता नाही म्हणून माणसं जातात आणि माणसं नाहीत म्हणून रस्ता होत नाही. यातून सुटका नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. आई मात्र डायलिसिसहून आली की विचारायची, "पूल व्हयना का?" यादी का कमी भरली, हे मी तिला कधीच सांगितलं नाही.

गेल्या श्रावणात ती गेली. गावालाच न्या, एवढंच तिनं मागितलं होतं. शववाहिका नाल्याशी थांबली. पुढे खाटेवर न्यायचं होतं. भाऊ सुरतेहून निघाला होता, पोचला नव्हता. एकेकाळी मयताला खांदा द्यायला आमच्याकडे माणसं एकमेकांना मागे सारायची. त्या दिवशी चुलता आला, एक म्हातारे आबा आले, आणि मी. चौथा पाय शववाहिकेच्या ड्रायव्हरनं खांद्यावर घेतला. आई त्याची कोणी लागत नव्हती.

नाला ओलांडला आणि आबांचे गुडघे वाकले. आईला चिखलातच खाली ठेवावं लागलं. ड्रायव्हरनं तोंड पुसलं, गावाकडे पाहिलं आणि विचारलं, "बाकीची माणसं कधी येतील?"

चुलता बोलला.

"आते इतलंच गाव शे, भाऊ."