उद्या या

"पान! पान कुठंय? बाकीचं मला काही ऐकायचं नाही, आधी पान आण!"

सकाळचे सात वाजलेले, फाटकाशी ऑटो घरघरत उभी आणि ऑटोत बसूनच अक्का ओरडतायत. ऑटोवाला भला माणूस. त्यानं मागे वळून नम्रपणे कन्नडमध्ये सांगितलं, अज्जी, पानाचं दुकान कोपऱ्यावर आहे, इथं घरासमोर ओरडून काय मिळणार? मी न्हाणीघरात दडून बसलो होतो. बायको दारात उभी राहून मी म्हैसूरला गेल्याचं सांगत होती, आणि नेमकी तेव्हाच म्हैसूरला मला शिंक आली. अक्कांचा आवाज असा की त्या ओरडू लागल्या की राजाजीनगरातल्या आमच्या गल्लीतली कुत्री मल्लेश्वरमला बिऱ्हाड हलवायची. अतिशयोक्ती नाही ही. त्यातलं एक अजून परतलेलं नाही.

पान म्हणजे लेखाचं पान. आमच्या मराठी मंडळाचा पाडव्याचा अंक निघायचा, हाताने लिहिलेला, मग छायाप्रती काढून दोऱ्यानं शिवलेला. लेखक आम्हीच, वाचकही आम्हीच. प्रत्येकानं एक पान लिहायचं, विषय कायम एकच: सरलेलं वर्ष. आणि संपादक कायम अक्का. सरकारी कचेरीत जन्मभर कन्नड टंकलेखन करून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, पर्समध्ये चष्म्याआधी तांबडं पेन ठेवणाऱ्या. त्यांच्याबरोबर त्यांचा धाकटा भाऊ राहायचा. तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. तो सत्तरीला टेकला तरी सगळ्या गल्लीचा तम्माच होता. दोघांत बोलण्याचं काम अक्कांनी घेतलं होतं, ऐकण्याचं तम्मानं.

त्या शिंकेनंतर मी शहाणा झालो. दुसऱ्या दिवशी पहाटे दारावर खडूनं कन्नड अक्षरांत लिहून ठेवलं: 'नाळे बा'. म्हणजे उद्या ये. आमच्या बंगळुरात जुनी गोष्ट आहे. एक भूत ओळखीच्या आवाजात दारात हाका मारतं. ओ दिलीत की संपलात. म्हणून लोक दारावर 'नाळे बा' लिहून ठेवत. भूत येऊन वाचायचं, निघून जायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन पुन्हा तेच वाचायचं. भूत साक्षर असतं आणि आज्ञाधारकही असतं, हे आमच्याकडे गृहीत आहे. अक्का आल्या. बराच वेळ बाहेर काहीच आवाज नाही. मला वाटलं, चाललं औषध. ऑटो गेल्यावर दार उघडून पाहतो तर 'बा' तांबड्या शाईनं खोडून वर 'बन्नी' केलेलं, कारण वडीलधाऱ्यांना 'बा' म्हणत नाहीत. आणि खाली मराठीत स्वच्छ अक्षरात: 'उद्या या'. त्याखाली सही. दाराला रंग द्यायचा होता, पण तेवढा तुकडा मी आजवर तसाच ठेवलाय.

भाषेच्या बाबतीत अक्का सोवळं पाळायच्या. आमची घराणी तीनशे वर्षं इथं मुरलेली, आमच्या मराठीला कन्नडची फोडणी बसणारच. पण पानात कन्नडमधला 'स्वल्प' दिसला की त्यांचं पेन सापावर मुंगूस धावावं तसं धावायचं. 'थोडं' लिही, म्हणायच्या. एकदा मी शब्दकोशच घेऊन गेलो. म्हटलं, अक्का, स्वल्पविराम चालतो ना मराठीत? मग नुसत्या स्वल्पानं काय घोडं मारलंय? त्यांनी कोश मिटला.

"चालतो. पुढे विराम लाव आणि मग स्वस्थ बस."

एचएसआर लेआउटमधला पुण्याचा एक संगणकवाला मंडळात नवा आला होता. त्यानं पानात लिहिलं, 'ह्या वर्षी मी खूप ग्रो झालो.' अक्कांनी समासात विचारलं, 'उंची किती?' बिचारा दोन महिने मंडळात आला नाही. आला तेव्हा लेंगा-सदरा घालून आला आणि 'अल्पोपाहार' म्हणाला.

पण अक्कांचा खरा नियम वेगळाच होता. पाडव्याला आम्ही सगळे कडुनिंब आणि गूळ एकत्र तोंडात टाकतो, इथले शेजारीही त्यांच्या युगादीला तेच करतात. अक्का म्हणायच्या, पानातही तेच पाहिजे. "एक कडुनिंब, एक गूळ. नुसता गूळ आणलास तर परत. नुसता कडुनिंब आणलास तर डॉक्टरकडे जा, माझ्याकडे येऊ नकोस." माझं पान दरवर्षी नुसता गूळ असायचं. मी काय काय केलं, कोणाला कसं गप्प केलं, मेट्रोत माझ्यासाठी लोक कसे उठून उभे राहिले. अक्का दरवर्षी तेवढंच लिहायच्या: 'ढेप पोचली. पाला कुठंय?'

मग ते वर्ष आलं. फाल्गुन लागला, आणि एका सकाळी अक्का ओरडल्या नाहीत. फाटकाची कडी हलकेच वाजली, अक्का चालत आल्या होत्या, आणि दारातल्या खुर्चीवर बसून नुसत्या दम घेत राहिल्या. मी न्हाणीघरात जायचं विसरलो. पान झालं का, त्यांनी विचारलं, इतक्या हळू की मला वाटलं त्या बायकोशी बोलतायत. मी सवयीनं उद्या म्हणालो.

संध्याकाळी तम्मा आला. तम्मा आपण होऊन कोणाकडे आला, हीच मोठी बातमी. चप्पल न काढताच त्यानं सांगितलं: अक्काच्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टरांनी दोन तारखा दिल्या, दोन्ही अक्कानं घालवल्या. तिसरी येत्या सोमवारची आहे. ही गेली तर आपली जबाबदारी नाही, असं डॉक्टर म्हणालेत.

"पण घालवल्या का?"

"तुझं पान यायचंय म्हणते."

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींचं कारण झालोय आणि बहुतेकांचं श्रेयही घेतलंय. पण कोणाच्या काळजाची झडप माझ्या एका पानावर अडकलीय म्हटल्यावर ते श्रेय मला नको होतं. रात्रीचं जेवण गेलं नाही. सकाळी उठल्याउठल्या लिहायला बसलो. दुपारपर्यंत खरडून नेलं. अक्कांनी वाचलं, चष्मा काढला. नुसता गूळ. परत.

दुसऱ्या दिवशी मी चिडून सगळं खरं लिहिलं. ऑफिसात मला कोपऱ्यातलं टेबल दिलंय, मुलगा फोन करत नाही, आणि दोन दिवस झाले मला अक्कांची भीती वाटतेय, अक्कांसाठी भीती वाटतेय. त्यांनी शेवटची ओळ दोनदा वाचली हे मी पाहिलं. मग म्हणाल्या, नुसता पाला. उद्या आण.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, मी दोन्ही घातलं. कडुनिंब तोच ठेवला, आणि गूळ म्हणून त्या दाराची गोष्ट लिहिली, 'नाळे बा'ची. सतरा ठिकाणी 'स्वल्प' आला होता, सगळे शोधून खोडले. अक्का वाचत होत्या. तम्मा आतल्या दाराशी उभा. तांबडं पेन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कागदावर तरंगत गेलं आणि कुठेही टेकलं नाही. असं कधी झालं नव्हतं. मी विजयानं तम्माकडे पाहिलं. अक्कांनी पान माझ्याकडे सरकवलं.

"उद्या आण."

"काय चुकलंय?"

"बघू. उद्या आण."

पेनचं टोपण त्यांना लागेना. दोनदा हुकलं. तेव्हा माझ्या जाड डोक्यात उजेड पडला. मी अक्कांपासून लपायला दारावर खडूनं लिहिलं होतं, आणि ह्या बाईनं माझं पान आडवं धरून डॉक्टरला लिहिलं होतं: नाळे बा. पान कितीही चांगलं आणलं असतं तरी ते उद्याच पास होणार होतं.

मी पान घडी करून खिशात घातलं. म्हटलं, अक्का, आता हे मी देणारच नाही.

"म्हणजे?"

"सोमवारी तुम्ही आत जा. बाहेर आलात की मिळेल."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, शेजाऱ्यांची पाण्याची टाकी होती. मग त्या सावकाश म्हणाल्या, "अंक अपुरा टाकून माणसानं जाऊ नये रे."

"म्हणूनच अपुरा ठेवतोय."

"आणि मी बाहेर आलेच नाही तर?"

मी एवढंच सांगितलं की पान माझ्याकडेच राहील, दुसऱ्या कोणाला तपासायला देणार नाही. अक्कांनी पेनचं टोपण एकदाचं बसवलं आणि न वळता म्हणाल्या, तम्मा, पिशवी भर.

सोमवारी आम्ही दोघे इस्पितळाच्या व्हरांड्यात बसलो होतो. तम्मा भिंतीवरचं आग विझवायच्या नळकांड्याचं सूचनापत्र वाचत होता, कन्नडमध्ये, मग इंग्रजीत, मग पुन्हा कन्नडमध्ये. मी खिशातलं पान काढून वाचायचो, एक शब्द बदलायचो, परत घालायचो. चार तास म्हणाले होते, सहा झाले. प्रत्येक वेळी दार उघडलं की मी उभा राहायचो, आणि आतून कोणीतरी चहाची किटली घेऊन यायचं. मी जगातल्या सगळ्या देवांना नवस बोललो, काहींना दोनदा. एकाला तर पुढच्या वर्षीचं पान महिनाभर आधी देईन असा बोललो. तो अजून फिटलेला नाही.

अक्का त्यानंतर तीन अंक काढून गेल्या. गेल्या श्रावणात, दुपारी, झोपेत. उशाशी कोणाचं तरी पान होतं, आणि त्यावर एक काना वाढवलेला होता. ह्या पाडव्याला काय झालं सांगू? गुढ्या उभारायच्या पंधरा दिवस आधी आम्हा सगळ्यांची पानं तयार होती. पंचवीस-तीस माणसं, हातात पान घेऊन, आणि मागायला कोणी नाही. शेवटी ती तम्मानं गोळा केली. तो कोणाच्याही फाटकाशी ओरडला नाही. नुसता उभा राहायचा.

पण मला आठवतो तो व्हरांड्यानंतरचा तिसरा दिवस. अक्कांना वॉर्डात आणलं होतं. पांढऱ्या चादरीत अर्ध्या झालेल्या, नाकात नळी, हाताला सुई, जन्मभर आमच्या मराठीतले खडे वेचणारे डोळे मिटलेले. मी खुर्ची ओढून पान वाचून दाखवलं, कडुनिंब, मग गूळ, मग पुन्हा कडुनिंब, कारण व्हरांड्यात तो थोडा वाढला होता. संपलं तरी डोळे मिटलेलेच. मी घाबरून वाकलो आणि विचारलं, अक्का, फार दुखतंय का?

त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "स्वल्प."