गळ्यातलं दावं

"पोथीत लिहिलेलं मी खोडू का?" भुजंग ओरडला. "गाय दाव्याला मेली. जिनं बांधली तिनं तेच दावं गळ्यात घालून पाच गावं भीक मागायची, मग गंगेत अंघोळ. तवर घरात पाय न्हाई!"

"दादा, ढोराच्या डॉक्टरनं खुराच्या वर दातांचे वण दाखवले की तुला. साप चावलाय," धाकटा किशनराव म्हणाला.

"पोथीत साप न्हाई. दावं हाय."

"मग सापालाच पाठवा म्हणावं भीक मागायला!" आतून किशनरावच्या बायकोचा, मनकर्णाचा आवाज आला. गाय तिनंच बांधली होती. तीन महिन्यांचं लेकरू तिच्या अंगावर पीत होतं.

भुजंग आईकडं वळला. "माय, तूच सांग. तू तर हे फेडलंयस."

सुलाबाई ओसरीवर शेंगा फोडत होती. फेडलं होतं खरं. विशी ओलांडायच्या आत, तिनं बांधलेली गाय मेली म्हणून, गळ्यात दावं घालून ती पार चारठाणा गावापर्यंत हिंडली होती. बोलायचं नाही, दारोदार नुसतं हंबरायचं. पोरं शेपूट म्हणून पदर ओढायची. तेव्हापासून तीस वर्षं तिनं एकाही जनावराला हातानं बांधलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायची, मनगट दुखतंय. काल संध्याकाळीही तेच म्हणाली, म्हणून तर गाय बांधायला सून उठली.

"भुजंगा, त्या साली ढोरांत घटसर्पाची साथ आली व्हती," ती म्हणाली. "आठ दिवसांत गावातली चौदा ढोरं गेली. पाटलाची गाय माळावर मोकळी मेली. तिच्यासाठी कोण हंबरलं?"

"मोकळी मेली तर दोष न्हाई, माय."

"रोग तोच. गाय तशीच मेली. अन् मी रातच्याला लांडग्यानं नेऊ नये म्हणून बांधली, तर पाप माझं?"

 पोथीत लांडगाही नव्हता.

सुलाबाईचा हात आपसूक गळ्याशी गेला. तिथं काही नव्हतं. लय दिवसांपासून नव्हतं, पण ते आज तिच्या ध्यानात आलं. ती उठली. मेलेल्या गाईचं दावं खुंटीवरून काढलं, गोठ्यात जाऊन तिच्या वासराच्या गळ्यात घातलं, स्वतःच्या हातानं गाठ मारली.

परत येऊन तिनं पुन्हा शेंगांचं सूप पुढं ओढलं.

"मनकर्णा कुठंबी जाणार न्हाई. उद्या खालच्या पट्टीत खुरपण हाय, समद्यांनी लवकर उठा."