जायला साडेतीन तास

पृथ्वी मोठी आहे, ही गोष्ट उस्मानपुऱ्यातल्या आमच्या शेजारच्या गुरुजींनी कधीच मान्य केली नाही. आणि जन्मभर त्यांनी शाळेत भूगोलच शिकवला. रेखांश चुकवणाऱ्या पोरांचे कान उपटणारा हा माणूस शाळेबाहेर पडला की साऱ्या जगाला एकच अंतर लावी : ‘हे काय, इथंच.’ पाहुण्यांनी हर्सूलचा तलाव विचारला, तर ‘इथंच’ म्हणून त्यांना पायी धाडत. पाहुणे संध्याकाळी रिक्षातून परतत आणि दोन दिवस गुरुजींशी बोलत नसत. युरोप पाहून आलेल्या एका बड्या साहेबांचा कॉलनीत शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. विमानप्रवासाचे हाल साहेब तासभर सांगत होते. शेवटी गुरुजींनी हात वर करून विचारलं, मधी चहाला कुठं थांबवतात? त्यानंतर ते भाषण काही पुन्हा हवेत गेलं नाही.

खरा पेच पडला तो त्यांच्या एकुलत्या एका लेकीला सॅन फ्रान्सिस्कोत नोकरी लागली तेव्हा. तिचा जीव तिकडे लागलेला. पण आई ‘हो’ म्हणेपर्यंत जायचं नाही, असं तिनं ठरवलेलं. आई, म्हणजे आमच्या काकू, तर जेवणच टाकून बसल्या होत्या. गुरुजी मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि माझ्या मोबाइलवर विमानाच्या वेळा मोठ्यानं वाचायला लावल्या. मुंबईहून दुपारी चारला निघतं, तिथं त्याच दिवशी संध्याकाळी साडेसातला उतरतं. तिथलं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागं असतं आणि विमान सोळा तास हवेत असतं, हे मी पुढं सांगणार, तोच गुरुजींनी माझ्या पायावर पाय दिला.

“म्हंजी साडेतीन तास,” ते काकूंना म्हणाले. “तुझं माहेर बीड. यष्टीनं तेवढंच लागतंय का नाय?”

काकूंनी पोळपाट पुढं ओढला. मग म्हणाल्या, “जाऊ द्या तिला.”

लेक गेली. यंदा दिवाळीला यायचं तिनं कळवलं, तेव्हा परतीच्या वेळा वाचायला काकूंनी मलाच बोलावलं. गुरुजी शेजारीच बसले होते. तिथून रविवारी रात्री निघालेलं विमान अख्खा सोमवार ओलांडून मंगळवार उजाडायच्या आधी मुंबईत टेकत होतं.

“जायला साडेतीन तास, अन् यायला दोन रात्री व्हय?” काकूंनी विचारलं.

गुरुजी चष्मा पुसू लागले.

“राहू द्या,” काकू म्हणाल्या. “मला तव्हाच कळलं होतं. पण तुम्ही इतकं जीव लावून खोटं बोलत होता, म्हणलं मोडू नाय.”

गुरुजींनी चष्मा लावला, परत काढला. “लई लांब हाय गं,” ते हळूच म्हणाले.

“असू द्या,” काकू म्हणाल्या. “निघाली म्हंजी येतीय.”