‘सुटेबल अ‍ॅक्शन’ घेतल्याचं पत्र

चौगुले मिस्त्रींची नोकरी माझ्यामुळे गेली, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी पत्रव्यवहार बघायचो. पंपाचे ओतीव लोखंडी भाग, म्हणजे कास्टिंग, आम्ही पुण्याच्या एका पंप कंपनीला पाठवायचो. एका लॉटमध्ये बारा पीस तडकलेले निघाले, अशी तक्रार आली. मालक म्हणाले, "चौकशी करतोय म्हणून लिवा, देसाई."

इंग्रजी पत्राची माझी पद्धत सोपी होती. जुनी फाइल काढायची, भारदस्त वाक्यं उचलायची. त्या दिवशी शेवटी एक चिकटवलं : ‘वी हॅव टेकन सुटेबल अ‍ॅक्शन अगेन्स्ट द पर्सन कन्सर्न्ड.’ संबंधित माणसावर योग्य ती कारवाई केली आहे. कारवाई कसली, चौकशीसुद्धा सुरू नव्हती. मला ते ‘युवर्स फेथफुली’सारखंच वाटायचं, पत्र संपवायला बरं. मालकांनी न वाचता सही केली.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा फॅक्स. माणसाचं नाव आणि कारवाई कळवा, तोवर पुढची ऑर्डर बंद.

मालकांनी कागद टेबलावर आपटला. "कुणावर कारवाई केलीसा ओ तुम्ही? आता नाव काय माझं देऊ?"

‘चुकून लिहिलं’ एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते वेगळंच. "चौगुले मिस्त्रींनी चूक कबूल केली होती, साहेब."

चौगुले माल तपासायचे. प्रत्येक पीसवर हातोडी मारून कान द्यायचे. तडा असला की आवाज बद्द येतो. त्यांना बोलावलं.

"मी कवा कबूल केलं ओ, देसाईसाहेब? सगळं पीस वाजवून धाडल्यात. येकबी बद्द न्हवता की!"

मी फाइलची पानं उलटत राहिलो.

"मिस्त्री, ऑर्डर गेली तर समदीच घरी बसत्यात," मालक म्हणाले.

संध्याकाळी मी दुसरं पत्र टाइप केलं. चौगुलेंचं नाव घातलं, कामावरून काढल्याचं लिहिलं. आता कारवाई खरोखरच झाली होती.

ऑर्डर सुरू झाली. पुढे कळलं, पीस पुण्यातच ट्रकमधून खाली टाकताना फुटत होते. चौगुलेंना परत बोलवायचं कुणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण मी बोललो नाही.

तयार वाक्य उचलताना उद्या त्याचा जाब कुणाला द्यावा लागेल, ते आधी बघावं.

चौगुले आता इथेच, मंगळवार पेठेत मुलाकडे असतात. वडिलांनी चूक कबूल केली म्हणून नोकरी गेली, असं तो मुलगा आजही समजतो. त्या घरात जाऊन, दोघांसमोर, मी खोटं बोललो होतो हे सांगण्याचं देणं मी लागतो. अजून गेलेलो नाही.