जाळी सुकेपर्यंत

“लावा की हात, काकू. चावत नाही ते.”

“अरे, पण तू आलायस ना? मग या वयात मी कशाला स्टुलावर चढू?”

“मी बघायला आलोय. करायचं तुम्ही. आधी बटण बंद केलंत का? रिमोटचं नाही हो, भिंतीवरचं. हां. आता पुढचं झाकण दोन्ही बाजूंनी धरा अन् वर घ्या. झोपलेल्या सासूचा चष्मा काढताय असं समजा. हळू, पण भ्यायचं नाही.”

काकूंना हसू फुटलं आणि हसता हसताच झाकण वर गेलं. आत दोन जाळ्या होत्या, म्हणजे असाव्यात. दिसत होतं ते नुसतं करड्या धुळीचं घोंगडं.

“अगं बाई! एवढं सगळं आम्ही छातीत घेत होतो?”

“निम्मं छातीत, निम्मं इथं. अन् वर फोन करून मलाच झापायचं, की मिस्त्री, एसी म्हातारा झाला, गारच करत नाही म्हणून.”

उजवी जाळी सटकन निघाली. डावी अडून बसली. काकूंनी ती ओढली, दाबली, जरा गोंजारलीसुद्धा. मिस्त्री खाली खुर्चीवर बसून बघत होता. बघता बघता त्याने दोन्ही हात मांड्यांखाली सारले आणि त्यांच्यावर दाबून बसला.

“आधी थोडी वर उचला, मग ओढा,” तो बसल्या जागेवरून म्हणाला. चौथ्या खेपेला जाळी निघाली.

न्हाणीघरात कोमट पाणी, चिमूटभर साबण आणि दातांचा जुना ब्रश घेऊन काकूंनी जाळ्या धुतल्या. धुळीच्या उलट्या बाजूने पाणी सोडायचं, म्हणजे घाण आत रुतत नाही, हे त्याने दारात उभं राहून सांगितलं. मग जाळ्या खिडकीशी सावलीत उभ्या करून ठेवल्या. उन्हात ठेवल्या की चौकट वाकते, आणि मग ती खाचेत बसायचं नाव घेत नाही.

“आता किती वेळ?”

“पाऊण तास धरा. ओली बसवली की आठवड्यात कुबट वास मारायला लागते.”

“मागचा मिस्त्री तर दोनदा झटकायचा आणि लावून मोकळा व्हायचा.”

“त्याची दिवसात आठ घरं होतात. माझी चार.”

काकूंनी चहा टाकला. त्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. नजर सुईच्या नाकातून जाईल अशी. कप त्याच्या हातात देत त्यांनी विचारलंच, “मघाशी हातांवर का बसला होतास रे? मूळव्याध झाल्यासारखा?”

मिस्त्री खो खो हसला. मग हसणं मध्येच कुठेतरी सांडलं, आणि चहाकडे बघत तो आपल्या बापाबद्दल सांगू लागला.

आमच्या गल्लीत त्याला सगळे थंडा मिस्त्री म्हणतात. धंदा गारव्याचा म्हणून थंडा; माणसाचं डोकं म्हणाल तर चुलीवरचा तवा. कुणी ‘जरा लवकर करा हो’ म्हटलं की पाना खाली ठेवून ‘मग तुम्हीच करा’ म्हणणारा. पण हात असा, की यंत्राला कान लावून आजार सांगावा. हा हात बापाकडून आला. बापाला घरात आबा म्हणतात. आबा एकतीस वर्षं कापडगिरणीत फिटर होते. पोरगा चार वर्षांचा असताना त्याच्या मुठीत पहिला पाना दिला तो आबांनीच, आणि पाना कसा धरायचा हे सांगितलं तेही त्यांनीच: “मुठीत आवळू नको. चिमणी धरल्यासारखा धर.”

गिरणी बंद पडली तेव्हा आबांनी पन्नाशी ओलांडली होती. शेवटच्या दिवशी बाकीचे फिटर आपापले डबे उचलून दुपारीच घरी गेले. आबा मात्र संध्याकाळपर्यंत आपल्या वाटणीची यंत्रं तारेच्या ब्रशने घासत बसले, आणि एकूण एक फिरत्या भागात तेल सोडून मग बाहेर पडले. का, तर पुढे जो कोणी ती सुरू करील त्याने शिव्या देऊ नयेत. पुढे ती कुणीच सुरू केली नाहीत, हा भाग वेगळा. लोखंड घासायचं आणि फिरतं ते तेलात ठेवायचं. आबांच्या एकतीस वर्षांची सगळी विद्या या एका ओळीत मावते, आणि ती खोटीही नाही. गिरणीत तरी नव्हती.

आता दिव्याखाली अंधार असतोच. गावभर लोकांचे एसी धुणाऱ्या मिस्त्रीच्या स्वतःच्या घरातला एसी तीन वर्षांपूर्वी उन्हाळाभर ठिबकत होता.

“अरे, भिंतीवरून पाणी उतरतंय,” आबा म्हणायचे.

“बघतो, आबा.”

“वासही येतोय.”

“रविवारी बघतो.”

रविवार उजाडला की लोकांचे फोन. आबांच्या वाट्याला फक्त ‘बघतो’ यायचं. तशात निरोप आला, की मिस्त्रीच्या लेकीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच घरी येणार. आबांनी मनात काय ते योजलं आणि कुणाला बोलले नाहीत. गिऱ्हाइकांशी फोनवर चाललेलं मुलाचं बोलणं वर्षानुवर्षं कानावर पडलेलं होतं: बटण बंद करा, जाळ्या काढा, धुवा, सुकवा. दुपारी घरात कुणी नव्हतं. आबांनी जाळ्या काढल्या, धुतल्या, सावलीत सुकवल्या. अगदी पोराने सांगावं तसं केलं. तिथेच थांबले असते तर!

पण जाळी काढली की मागे ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांची रांग दिसते. कागदासारखे पातळ पापुद्रे, हजारोंनी, आणि त्यांच्यावर काळा थर. ते बघून फिटर गप्प कसा बसेल? आबांनी पलंगाखालच्या आपल्या हत्यारांच्या पेटीतून तारेचा ब्रश काढला. दोन हात मारले आणि पापुद्रे आडवे झाले, वाऱ्याने पीक झोपावं तसे. चूक लक्षात आली तसे ते थांबले. मग केलेली चूक भरून काढावी म्हणून, हात घालून आतला गोल पंखा जेवढा हाताला लागला तेवढा त्यांनी तेलाने माखला. जाळ्या बसवल्या, झाकण लावलं, स्टूल जागेवर ठेवलं आणि वाट बघत बसले.

संध्याकाळी माणसं आली. व्याही दारातून आले ते सरळ एसीखालच्या खुर्चीवर बसले, पांढरा कडक शर्ट घालून. सगळे स्थिरावले तसं आबांनी स्वतः रिमोट उचलला. मुलाकडे बघून हळूच म्हणाले, “बघ आता, कसा वारा येतो.”

वारा आला. आणि वाऱ्याबरोबर तेलाचे काळे थेंबही आले, आधी भिंतीवर, मग बशीतल्या बिस्किटांवर, मग व्याह्यांच्या खांद्यापासून कोपरापर्यंत, कुणी मोजून टाके घालावेत तसे. मिस्त्रीने उठून बटण बंद केलं, झाकण उघडलं, आडवे झालेले पापुद्रे बघितले. त्याचा तवा तापला.

“कुणी सांगितले होते हे उपद्व्याप?” चार माणसांत, नव्या व्याह्यांसमोर तो बापाला म्हणाला. “तुमच्यासारखे फिटर असल्यावर गिरणी बंद नाही पडणार तर काय!”

“असू द्या हो, शर्टच आहे,” व्याही म्हणाले. शर्टाचं कुणाला काय पडलं होतं?

आबांनी फडकं घेतलं. व्याह्यांची बाही टिपून दिली, टेबल पुसलं, आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी मिस्त्री कामावरून घरी आला तर पलंगाखालची पेटी नाही. आबांनी भंगारवाल्याला बोलावून सगळी हत्यारं देऊन टाकली होती. मिस्त्री तसाच धावला. भंगारवाल्याने हात वर केले: माल सकाळीच पुढे गेला. ढिगाच्या बुडाशी एक छोटा पाना सापडला, तेवढा घेऊन आला. तिसऱ्या दिवशी कसंबसं म्हणाला, “आबा, रागात बोललो मी.”

“खरंच बोललास की,” आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. “गिरणी बंदच पडली.”

ना रुसणं, ना अबोला. जेवताना बोलायचे, नातवंडांची चौकशी करायचे. पण त्या दिवसापासून आबांनी घरातल्या एकाही वस्तूला दुरुस्तीसाठी हात लावला नाही. नळ गळला, “प्लंबरला बोलाव.” दाराची कडी ढिली झाली, “बिघडेल माझ्याकडून.” तो छोटा पाना आता वर्तमानपत्र उडू नये म्हणून वर ठेवतात.

मिस्त्रीने ते पापुद्रे बारीक दातांच्या कंगव्याने तीन संध्याकाळी बसून सरळ केले. तळहाताएवढा एक तुकडा सरळ झाला नाही तो नाहीच. भाग बदलता आला असता, त्याने बदलला नाही. तेव्हापासून नुसतं फोनवर सांगण्याऐवजी, समोर बसून गिऱ्हाइकांच्याच हातून करून घ्यायचं खूळ त्याने घेतलं. धंद्यातले भाऊबंद टोमणे मारतात, “विद्या वाटत फिर, उद्या उपाशी मरशील.” तो म्हणतो, “मरेन, पण गारव्यात मरेन.”

आणि दर महिन्याला, घरच्या जाळ्या धुऊन झाल्या की, तो बापाला विचारतो, “आबा, सुकल्या की बसवाल का?” एवढीच आस आहे त्याला, की आबांनी त्या यंत्राला पुन्हा एकदा आपणहून हात लावावा. उत्तर ठरलेलं: “नको. बिघडेल.” आणि गेल्या हिवाळ्यापासून आबांच्या हातांना कापरं सुटलंय. डॉक्टर म्हणतात, वाढतच जाणार.

“मग परवा रविवारी काय झालं,” मिस्त्री काकूंना सांगत होता, “मी विचारलं, सवयीनं. अन् आबांनी पेपर खाली ठेवला. वर पाना ठेवला. अन् उठले.”

“काय सांगतोस!”

“मी स्टूल धरलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात तशीच पळी. उजवी जाळी बसवली त्यांनी, झोकात. डावी... हात कापत होते, काकू. खाचेत जायची अन् सुटायची. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या वेळेला आबांनी शिवी हासडली. गिरणीतली, खणखणीत! तीन वर्षांत त्यांच्या तोंडून शिवी ऐकली नव्हती मी. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, आला माझा बाप परत.”

“मग?”

मिस्त्रीने कप खाली ठेवला. आपले तळहात उलटसुलट करून बघितले, दुसऱ्याचे असावेत तसे.

“मग पाचव्यांदा सुटली. अन् या हातानं वर जाऊन जाळी त्यांच्या हातातून घेतली अन् टक्कन बसवून टाकली. मी काय केलं ते मला टक् वाजल्यावर कळलं. स्टूल कधी सोडलं तेही कळलं नाही. आबा आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिले. मग उतरले. म्हणाले, ‘बरोबर आहे. तुझंच काम आहे ते.’ पाना बाजूला केला अन् पेपर वाचायला लागले.”

खिडकीशी जाळ्यांखाली ठिबकलेलं पाणी सुकत आलं होतं.

“तीन वर्षं थांबलो, काकू. अन् पाचव्या खेपेला धीर निघाला नाही.”

काकूंनी त्याचा रिकामा कप उचलला. मग म्हणाल्या, “माझ्या वर्गात एक मुलगी होती. टाका चुकला की मी तिच्या हातातली सुई ओढून घ्यायची आणि स्वतः घालून दाखवायची. चांगल्या हेतूनंच. पुढं तिनं शिवण सोडलं.” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “पुढच्या महिन्यात विचारशील परत?”

“विचारणार. पण आता ते उठतील असं वाटत नाही. अन् उठले तरी, पुढच्या महिन्यातले हात परवाच्यासारखे थोडेच राहणार आहेत?”

त्याने उठून जाळीवरून बोट फिरवलं, बोट गालाला लावून पाहिलं. कोरडी होती.

“चढा, काकू.”

उजवी जाळी गेली. डावी परत अडून बसली. काकू टाचा उंचावून खाच शोधत होत्या, जाळी एका कोपऱ्यात बसायची आणि दुसऱ्यात सुटायची. मिस्त्री खुर्चीवर, हात मांड्यांखाली. त्याचा खांदा एकदा हलला. त्याने दात आवळले आणि खिडकीबाहेर बघितलं.

“अरे, सांग तरी काहीतरी!”

“वरचा काठ आधी. घाई नाही, बसतीय.”

किती वेळ गेला कोण जाणे. टक्.

“बसली!” काकू स्टुलावरूनच ओरडल्या. त्यांनी झाकण लावलं, खाली उतरून भिंतीवरचं बटण दाबलं, मग रिमोट. स्वच्छ, गार वारा थेट मिस्त्रीच्या तोंडावर आला. त्याने मांड्यांखालून हात काढले. त्यांना मुंग्या आल्या होत्या. ते झटकत त्याने पिशवी खांद्याला लावली.

जिन्यात फोन वाजला.

“हो, निघालोच. दहा मिनिटांत पोचतो,” तो उतरता उतरता म्हणाला. “स्टूल आहे ना घरात? अन् दातांचा एक जुना ब्रश काढून ठेवा. नाही हो, मी नाही चढणार. तुम्ही चढायचं.”